हवाबंद घराची दृष्ट

आमच्या नव्या घराच्या भिंतीला भोक मी पाडून घेतलं, आणि ते अत्यंत सुबक भोक होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट कुणीही सांगायला लागलं की सुरुवात "आईने काय केलं माहितेय का" अशी होते आणि ऐकणारा माझ्याकडे मी जहाजाला भोक पाडल्यासारखं बघतो. जहाज नव्हतं. घर होतं. टेक्ससमध्ये, अर्विंगपासून तासाभराच्या अंतरावर, जिथे जमीन परवडते कारण शेजारी गाई राहतात.

मी आठवी शिकलेली. नववीची पुस्तकं आणली होती, त्यांना खाकी कव्हरंही घातली होती, पण आई आजारी आणि पाठीवरची तिघं लहान, त्यामुळे पुस्तकं शाळेत गेली (धाकट्या बहिणीबरोबर) आणि मी चुलीपाशी गेले. आज अर्विंगमधल्या कितीतरी मराठी इंजिनिअरांच्या डब्यात माझी पोळी असते. मोठमोठ्या डिग्र्या घेतलेली मुलं मला "काकू, उद्या चार जास्त प्लीज" असा मेसेज करतात. मी रोज सकाळी तव्याला हात जोडते आणि मग दिवसभर काळजी करते. काळजी हा माझा पूर्णवेळ धंदा आहे, पोळ्या मी फावल्या वेळात लाटते.

आमचे दिलीपराव सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. (हे लग्नाआधीपासूनच अंगात होतं, त्यावर व्हिसा नंतर मिळाला.)

घर बांधायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे उत्साह भरपूर होता, बाकीचं सगळं बेताचं. बिल्डर ग्रेग हा शांत माणूस. बोलण्याआधी टोपी काढायचा, डोकं खाजवायचा आणि मग काहीतरी कमी करायचा. एक बाथरूम कमी करू. दोन खिडक्या कमी करू. ओट्याचा दगड साधा घेऊ. असं करत करत तो एक दिवस म्हणाला, "हीट पंपही लहानच घेऊ. पण मग घर घट्ट हवं. अगदी घट्ट."

दिलीपराव घरी आले ते उड्या मारतच.

"गॅस नाही, भट्टी नाही, धूर नाही," ते म्हणाले. "बाहेर एक यंत्र बसतं. हिवाळ्यात ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतं आणि आत आणून सोडतं. उन्हाळ्यात बरोबर उलट."

"हिवाळ्यात बाहेर उष्णता कुठून आली?"

"असते थोडी."

"थंडीत?"

"थंडीतही असते. सायन्स आहे ते."

आठवीपर्यंतचं सायन्स मी मन लावून शिकले होते आणि त्यात हे नव्हतं. नववीत असेल म्हणून मी गप्प बसले.

"फक्त घर हवाबंद पाहिजे," ते पुढे म्हणाले. "थर्मासच समज. शेवटी एक माणूस येऊन टेस्ट घेतो. पास झालो तरच राहायला जायची परवानगी."

मी रात्रभर आमच्या चौघांचा थर्मास डोळ्यांसमोर आणत पडून राहिले. तिसरी आमची मुलगी, चौथ्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या बार्शीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, ऑगस्टात, घराचा नुसता लाकडी सांगाडा उभा होता तेव्हा. त्यांनी सांगाड्याकडे बघितलं, एका खांबाला बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "लाकडाचं? पावसात भिजंल की." तिथून त्यांचं घराशी नातं जुळलं.

डिसेंबरात हीट पंप पहिल्यांदा चालू करून बघितला. आत मस्त ऊब यायला लागली. आत्याबाई शाल गुंडाळून मागच्या अंगणात गेल्या आणि यंत्रासमोर हात धरून उभ्या राहिल्या.

"दिल्या, हे तर गार वारं सोडतंय."

"बाहेर गारच सोडणार, आई. त्यातली ऊब आपण आत घेतली ना."

आत्याबाई विचारात पडल्या. "म्हंजे हितली ऊब आपण काढून घेतली. मग शेजारी थंडी वाढली असंल."

"शेजारी गाई आहेत."

"गाईंना थंडी वाजत न्हाई व्हय?"

त्या दिवसापासून आम्ही साइटवर गेलो की कुंपणापलीकडे माझ्या पोळ्या जायला लागल्या, नुकसानभरपाई म्हणून. गाई काही बोलल्या नाहीत, पण रोज कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या, म्हणजे त्यांचंही म्हणणं तेच असावं.

आत्याबाईंना या घराची एवढी ओढ का होती, हे सांगायला हवं. त्यांचा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकता यायचा नाही. देवाचा फोटो त्यांनी वर्षानुवर्षं पत्र्याच्या ट्रंकेला टेकवून ठेवला होता. त्यांच्या बी.एस्सी. झालेल्या एकुलत्या एक मुलाला आठवी शिकलेली मुलगी सांगून आली तेव्हा भावकीने नाकं मुरडली. आत्याबाई आमच्याकडे आल्या, माझ्या हातची पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि म्हणाल्या, "हिची परीक्षा झाली." एवढ्या एका वाक्यावर मी त्यांच्यासाठी काय वाटेल ते करेन. आणि त्यांनी माझ्याकडे आजवर मागितलं ते एकच. "मला रविवारी इमान हाय. त्याच्या आधी एक रात्र मला माझ्या पोराच्या घरात झोपू दे. मग मी सुखानं जाते."

एक रात्र. त्यासाठी गुरुवारी टेस्ट पास व्हायला हवी होती, शुक्रवारी गावच्या ऑफिसकडून परवानगी मिळायला हवी होती आणि शनिवारी दूध उतू घालून आत जायचं होतं. टेस्टवाल्याची पुढची तारीख आत्याबाई बार्शीला पोचून, भिशीला जाऊन आल्यानंतरची होती.

आता भोकाकडे येते.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. गरम पोळ्या डब्यात भरल्या आणि झाकण घट्ट लावलं की पोळ्यांना घाम सुटतो. खालची पोळी ओली, वरची ओली, मधली तर कणकेत परत गेलेली. म्हणून झाकण थोडं तिरकं ठेवायचं. वाफ गेली पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आणि इथे माझं अख्खं कुटुंब गरम डब्यात घालून हे लोक झाकण घट्ट लावणार होते.

मी दिलीपरावांना म्हणाले, "अहो, घराला थोडी तरी हवा लागते."

"सगळा विचार केलाय त्यांनी, तू काळजी करू नकोस," ते लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले. मला काळजी करू नकोस सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस सांगणं.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेले. भिंतींना बाहेरून फळ्या लावायचं काम मिगेल करत होता. मी त्याला दर आठवड्याला पोळीभाजी द्यायचे, त्यामुळे आमची भाषा जुळली होती, म्हणजे तो जेवताना डोळे मिटायचा आणि मी समाधान पावायचे. मी त्याला कोठीच्या खोलीत नेलं, खाली कोपऱ्यात भिंतीवर बोट ठेवलं, मूठ दाखवली आणि जोरात श्वास घेऊन सोडून दाखवला. मिगेलने माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. "यू शुअर, सिन्योरा?" मी पुन्हा श्वास घेऊन दाखवला. त्याने एका मुठीच्या जागी दोन मुठींचं गोल भोक पाडलं, आतून नळकांडं बसवलं, बाहेरून जाळीचं झाकण लावलं आणि फळ्यांच्याच रंगाने रंगवलं. इतकं नीटनेटकं काम की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या कोपऱ्यापुढे कणकेची पोती रचली, मध्ये हवेला वाट ठेवून, आणि पहिल्यांदा निवांत झोपले.

गुरुवारी टेस्टवाला आला. नाव वेस्ली. उंच, दाढीवाला, पायात बूट, आणि बोलताना दर वाक्याला "मॅम". मी त्याला चहा दिला, त्याने बूट काढले आणि कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायला. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगं वळणाचं हाय." मग त्याने आमचं पुढचं दार उघडून त्यात लाल कापडाचा पडदा ताणून बसवला. त्या पडद्याच्या पोटात चांगला घमेल्याएवढा पंखा. सगळ्या खिडक्या बंद, हीट पंप बंद. त्याने पंखा सुरू केला आणि घरातली हवा भसाभसा बाहेर जायला लागली. आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने, रेवाने, मला समजावलं.

"आई, तो हवा बाहेर काढतोय. मग जिथून हवा आत येईल, तिथे लीक. ओके?"

"ओके," मी म्हणाले. मला मजा वाटत होती. अख्खं घर श्वास रोखून उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि दिलीपराव तर निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर उभे राहावे तसे त्या मीटरसमोर उभे होते.

वेस्लीने मीटर बघितला. पुन्हा बघितला. बोटाने टिचकी मारली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ही सेज, पास नाही झालं," रेवा म्हणाली. "म्हणजे, खूपच नाही झालं. समव्हेअर देअर इज अ बिग लीक."

दिलीपराव पांढरे पडले. टेस्टिंगमध्ये जन्म गेला त्यांचा, पण नापास व्हायची बाजू त्यांनी कधी बघितलेली नव्हती.

आणि इथे मी हात जोडून सांगते की मला खरंच काही सुचलं नाही. लीक म्हणजे गळती. गळती म्हणजे चुकून राहिलेली फट, कुणाचा तरी हलगर्जीपणा. माझं तर मुद्दाम करून घेतलेलं होतं, नळकांड्यासकट, जाळी बसवून, रंग देऊन! माझ्या भोकाचा आणि त्या गळतीचा काही संबंध असेल हे माझ्या मनात आलंच नाही. उलट मीच पदर खोचून शोधायला लागले.

वेस्ली धुराची नळी घेऊन खिडकीपाशी गेला. धूर सरळ वर, म्हणजे तिथे गळती नाही. दिव्याच्या बटणांपाशी गेला. धूर सरळ. मी त्याच्या मागे मागे.

"त्याला सांग, न्हाणीघरात बघ. मला तिथे गार लागलं होतं."

"आई, तू तिथे अनवाणी गेली होतीस."

मी सगळ्यांना पळवत होते. दाराच्या फटी दाखवल्या, सिंकखालचे पाइप दाखवले, माळ्यावर जायचं झाकण दाखवलं. कोठीही मीच उघडून दाखवली. वेस्लीने फळ्यांपाशी धूर धरला, कणकेच्या पोत्यांकडे आदराने बघितलं आणि दार लावून घेतलं.

"ग्रेगने खिडक्या स्वस्तातल्या बसवल्या असणार," दिलीपराव दात चावत म्हणाले.

"मला तर सुरुवातीपासूनच वाटत होतं," मी म्हणाले. (होय, मी असं म्हणाले.)

आत्याबाई माझं जाकीट घालून जिन्याखाली बसल्या होत्या. हीट पंप बंद, बाहेर जानेवारी, घर गार पडत चाललेलं.

"मंगल, परीक्षेत काय झालं?"

"नापास होतोय, आत्याबाई. कुठेतरी हवा शिरतेय, सापडत नाही."

त्या हाताने गुडघा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या टायमाला बघीन." आणि हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला त्या ट्रंकेला टेकवलेल्या फोटोची आठवण झाली. त्यांचं वय, तो चोवीस तासांचा प्रवास, पुढचा टाइम कुठला?

वेस्ली म्हणाला, आता पंखा उलटा लावू. हवा आत कोंबू. मग ती जिथून बाहेर पडेल, तिथे बाहेरून हाताला लागेल. तो आणि दिलीपराव बाहेर गेले आणि भिंतीला हात लावत, वाकून वाकून घराभोवती फिरायला लागले.

इकडे आत्याबाई उठल्या.

"ह्या घराला दृष्ट लागलीय," त्या म्हणाल्या.

मला एकदम पटलं. इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. शनिवारच्या पूजेसाठी धुपाटणं आणून ठेवलेलंच होतं. आत्याबाईंनी त्यात करवंटीचे तुकडे आणि कापूर पेटवला. मीठ, मोहरी आणि बार्शीहून आणलेल्या लवंगी मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी खोल्याखोल्यांतून उतरवून घेतल्या आणि "कुठं बसू?" म्हणाल्या.

"कोठीत बसा. तिथे तो परत येणार नाही."

त्या कोठीत पोत्यांशेजारी पाट टाकून बसल्या, धुपाटणं कोपऱ्याकडे सरकवलं आणि मूठ निखाऱ्यावर सोडली. तडतड झाली. मी पदर नाकाला लावून तयार उभी.

काहीच नाही.

ज्यांच्याकडे दृष्ट काढत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मिरच्या जळल्या की माणूस खोकून खोकून लाल व्हायला हवा. ठसका आला तर काळजीचं कारण नाही. ठसका आला नाही, तर मात्र दृष्ट जबरदस्त.

"वासच न्हाई," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"मला पण नाही."

"इतक्या मिरच्यांत?"

धूर निघत होता, दिसत होता, पण वर येतच नव्हता. जमिनीलगत सरपटत पोत्यांच्या मागे जात होता, कुणीतरी हाक मारल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला.

"कुणाची असंल गं?" आत्याबाई म्हणाल्या. "ती तुझी अर्विंगची मैत्रीण आली होती, चष्मेवाली. 'केवढी मोठी कोठी' म्हणाली होती."

"ती तर स्वतः मोठ्या घरात राहते."

"म्हणून तर. मोठ्या घरातलं माणूस लहान घराचं उगंच कौतुक करतं व्हय?" त्यांनी आणखी पाच मिरच्या टाकल्या. ठसका नाही. मग मूठभर टाकल्या. ठसका नाही. दार उघडून रेवा आत डोकावली.

"आजी, आर यू बर्निंग समथिंग?"

"तुझ्या घराची दृष्ट. दार लाव."

"इन द पँट्री? ड्युरिंग द टेस्ट?"

"दार लाव म्हणते ना. मंगल, पिशवी दे."

मी पिशवी दिली. आत्याबाईंनी ती उपडी केली.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे कुणीतरी शिंकलं.

साधी शिंक नव्हती. तिला सुरुवात होती, मध्य होता आणि शेवटी आरोळी होती. पाठोपाठ दुसरी. मग खोकला, मग बुटांचा धडपडण्याचा आवाज आणि मग दिलीपरावांचा आवाज, "काय झालं, काय झालं, बघू, मला बघू दे," आणि मग दिलीपरावांची शिंक. ती मी झोपेतही ओळखते.

आम्ही तिघी मागच्या दाराने बाहेर धावलो. भिंतीशी वेस्ली गवतावर बसला होता, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, दाढी थरथरतेय. शेजारी दिलीपराव ओणवे. कुंपणापलीकडच्या गाईसुद्धा चार पावलं मागे सरकल्या होत्या. आणि माझ्या सुबक, रंगवलेल्या जाळीतून बार्शीच्या लवंगी मिरचीचा धूर रेल्वे इंजिनासारखा फसफसत बाहेर येत होता.

"मॅम," वेस्ली मोठ्या कष्टाने म्हणाला, "आय फाउंड युवर लीक."

"ती जाळी तर कपड्यांच्या ड्रायरची आहे ना?" दिलीपराव डोळे पुसत म्हणाले. "ड्रायर तर पलीकडच्या बाजूला आहे. मग ही कशाची?"

"ती गळती नाही," मी म्हणाले. "ती माझी आहे."

सगळे माझ्याकडे वळले. आत्याबाईसुद्धा, हातात रिकामी पिशवी.

"तुझी म्हणजे?"

"मी करून घेतली. मिगेलकडून. घराला हवा नको का? पोळ्या गरम भरल्या आणि झाकण घट्ट लावलं तर काय होतं, तुम्हीच सांगा."

दिलीपरावांचं तोंड उघडलं ते मिटेना. आज त्यांना आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक सापडली होती, आणि ती त्यांच्याच बायकोने जाळी लावून जपून ठेवलेली होती.

"रेवा, त्याला सांग," मी म्हणाले. "नीट सांग."

रेवाने एक लांब श्वास घेतला. "शी मेड द होल," ती वेस्लीला म्हणाली, "सो द फॅमिली वुडन्ट गेट सॉगी. लाइक पोळ्या."

वेस्लीने त्या जाळीवरून बोट फिरवलं. मग नाक पुसून म्हणाला, "इट्स अ रिअल नाइस होल, मॅम." आणि मग त्याने मला हॉलच्या छताजवळचा एक चौकोनी डबा दाखवला. ताज्या हवेचं यंत्र. बाहेरची हवा गाळून आत घ्यायची आणि आतली बाहेर सोडायची, ठरल्या मापाने. पहिल्या दिवसापासून नकाशात होतं.

"तू विचारलं असतंस तर," दिलीपराव म्हणाले.

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस."

यावर ते पुन्हा शिंकले.

वेस्लीने घड्याळ बघितलं. म्हणाला, हे एकच भोक आहे की आणखी आहेत, ते आधी कळू दे. तात्पुरतं काहीतरी कोंबा. दिलीपराव टॉवेल आणायला धावले, रेवा टेप शोधायला. मी गाडीकडे गेले. संध्याकाळच्या डब्यांची मळलेली कणीक मागच्या सीटवर होती, घट्ट, तेलाचा हात लावलेली. मी तिचा चांगला मोठा गोळा तोडला, कोठीत जाऊन नळकांड्यात ठोसला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. आयुष्यात एवढ्या कणकेला मी आकार दिला, पण भिंतीच्या मापाचा हा पहिलाच.

पंखा सुरू झाला. दिलीपराव मीटरवरचा आकडा मॅचच्या स्कोअरसारखा ओरडून सांगायला लागले. आकडा घसरायला लागला. आणखी. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. आणखी खाली. वेस्लीने सांगितलेली रेघ आली, आकडा तिच्यापाशी जरा घुटमळला, आणि ओलांडून खाली गेला.

"बिलो! इट्स बिलो!" रेवा ओरडली आणि आजीला मिठी मारली.

"झालं व्हय पास?"

"कणकेने नाही चालायचं, आई," दिलीपराव म्हणाले, पण हसत होते. "पक्कं बुजवायला हवं. तो जवळच दुसऱ्या कामाला जातोय, संध्याकाळी परत येतो म्हणाला."

मी मिगेलला फोन केला. तो आला, जाळी काढली, आत हात घातला आणि कणकेचा गोळा बाहेर काढून बघत राहिला. दाबला. वास घेतला. मग माझ्याकडे बघून अगदी हळुवारपणे विचारलं, "टॉर्टिया?" त्यांच्याकडची पोळीच ती, म्हणून मी मान हलवली. त्याने गोळा बाजूला ठेवला. लाकूड बसवलं, फेस भरला, फळी लावली, रंग दिला. आता तिथे भोक होतं हे फक्त गाईंना माहीत आहे.

वेस्ली परत आला, पास म्हणाला, आणि निघताना रेवाला बाजूला घेऊन काहीतरी विचारायला लागला. मला वाटलं माझ्या शिक्षणाबद्दल असेल.

"नाही गं," रेवा म्हणाली. "ही वॉन्ट्स द चिलीज. म्हणाला, लीक शोधायला याच्याइतकं फास्ट काही बघितलं नाही."

मी गाडीतल्या डब्यांच्या सामानातल्या मिरच्यांची एक पुडी बांधून दिली. सोबत चार पोळ्या, मिरच्या फक्त वासाला घे म्हणून.

शुक्रवारी परवानगी मिळाली, शनिवारी दूध उतू घातलं. नव्या विजेच्या शेगडीवर दूध उतू जायला लागलं की ती स्वतःच बंद पडते, त्यामुळे तेही तीनदा घालावं लागलं, पण गेलं. आत्याबाईंनी देवाचा फोटो भिंतीवर लावला, खिळा स्वतः ठोकला, आणि ठोकताना इतका आवाज केला की बार्शीच्या घरमालकाला ऐकू जावा. मग समोरच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं. त्यांना एकटीला करमणार नाही म्हणून मीही त्यांच्याच शेजारी झोपले.

सकाळी दिलीपराव फोन हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. चेहरा परत गुरुवारसारखा.

"हीट पंप रात्रभर चालू होता. एक मिनिट थांबला नाही. असं होताच कामा नये. कुठेतरी गळतंय. वेस्लीला फोन करतो."

आत्याबाई बशीत चहा ओतत होत्या. इतक्या तजेलदार त्या सहा महिन्यांत दिसल्या नव्हत्या.

"आई, झोप कशी लागली?"

"लई गाढ. पोराच्या घरात लागणारच की. आणि ती खिडकी उघडली म्हणून बरं. बंद खोलीत मला न्हाई झोप येत."

दिलीपरावांचा हात फोनवर तसाच राहिला.

"खिडकी? रात्रभर? अगं पण ती वरती सरकवायची असते, नवी आहे, घट्ट आहे, माझ्याने धड उघडत नाही. तुला एकटीला कशी उघडली?"

आत्याबाईंनी बशी तोंडाला लावली.

मी ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होते. दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी जोर लावला, तर ती खिडकी अगदी सहज उघडते.